जंक पेटीतला वंडरस्वॉन: दुरुस्ती आणि खेळण्याच्या नोंदी

मशीन: बांदाई या जपानी कंपनीचा वंडरस्वॉन, हातात धरून खेळायचं गेम मशीन, पहिलं कृष्णधवल मॉडेल, मार्च १९९९ चं. ठिकाण: निशी-कासाई, टोक्यो. दुरुस्तीतला अनुभव: कॉलेजात केलेलं सोल्डरिंग आणि घरातला मिक्सर दोनदा उघडलेला, त्यातला एकदाच नीट बंद झाला. या मशीनबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय. माझ्या चुका वाचून तुमचे दोन शनिवार वाचले तरी पुरे.

१० मे २०२५, शनिवार

सायकलवर पंचवीस मिनिटांवर जुन्या सामानाचं एक दुकान आहे. मागच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या पेट्या असतात आणि वर कागद लावलेला असतो: 'जंक'. इथं जंक म्हणजे भंगार असं नाही. चालेल की नाही ते आम्ही तपासलेलं नाही, घेतलंत तर तुमचं नशीब, परत आणू नका, एवढाच त्याचा अर्थ. बायको आपल्या बोहारणीची आठवण काढते, पण बोहारणीशी निदान घासाघीस करता येते. इथं स्टिकरवर जे लिहिलंय तेच.

स्टिकरवर होतं ८८० येन. आरपार दिसणारी निळी बॉडी, ज्याला इथले लोक 'स्केलेटन' म्हणतात. सेलचं झाकण आहे, स्क्रीनवर ओरखडे आहेत, आत काहीतरी काळपट पसरलंय. शेजारच्या पेटीत 'गुनपेई' नावाच्या खेळाचं कार्ट्रिज ३३० येनला मिळालं. तेही उचललं.

घरी आणून टेबलावर ठेवलं. दहा मिनिटांत स्वयंपाकघरातून आवाज: "अरे, तुझ्या त्या डब्यात लोणचं नासलंय का?"

वास माझ्या लक्षातच आला नव्हता. जवळ नेऊन हुंगलं. व्हिनेगर.

११ मे, रविवार

पहिला अडथळा स्क्रूचा. साधा फुलीचा पेचकस लागत नाही, तीन पात्यांचा 'वाय' आकाराचा ड्रायव्हर लागतो. घरात नव्हता. बारीक चपट्या पेचकसानं जोर लावून पाहिला आणि एका स्क्रूचं डोकं गोल करून ठेवलं. मग निमूटपणे अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ७७० येनचा ड्रायव्हर आणला. गोल झालेल्या स्क्रूवर रबरबँड ठेवून दाबून फिरवला, तेव्हा कुठे निघाला. ड्रायव्हर आधी घ्या. एवढ्या एका वाक्यासाठी माझी दुपार गेली.

हे यंत्र एकाच पेन्सिल सेलवर चालतं. कधीकाळी आत सेल फुटून गळलेला होता. एका टोकाच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी साचलेली. अल्कलाइन सेल गळला की जे बाहेर येतं ते अल्कली असतं, म्हणून ते आम्लानं मारायचं. कापसाची काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून लावली, बुडबुडे आले, पुसलं, पुन्हा लावलं, शेवटी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल, सफाईचं स्पिरिट) पुसून वाळवलं. म्हणजे ज्या मशीनला व्हिनेगरचा वास येतो म्हणून आरडाओरडा झाला, त्याच मशीनमध्ये मी स्वतःच्या हातानं व्हिनेगर घालत होतो. घरात यावर जे बोलणं झालं ते इथं देत नाही.

सेल घातला, कार्ट्रिज लावलं, बटण दाबलं. आवाज आला! गुनपेईचं संगीत वाजलं. चित्राचा मात्र पत्ता नाही. स्क्रीनचा डावा अर्धा भाग शाई सांडल्यासारखा, उजव्या भागात करड्या रंगाची काहीतरी हालचाल.

म्हणजे मेंदू ठीक आहे, डोळे गेलेत.

१७ मे, शनिवार

वासाचं कारण नोंदवतो, कारण अशी मशीनं घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा वास भेटणार आहे. एलसीडीच्या काचेवर पोलरायझरची, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारी, फिल्म चिकटवलेली असते. त्या फिल्मच्या बाहेरच्या थरात सेल्युलोज ट्रायअसिटेट असतं. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की ते विघटित होतं आणि त्यातून असेटिक आम्ल सुटतं, तेच व्हिनेगर. फिल्म सुरकुतते, फुगे येतात, डाग पडतात. जुन्या सिनेमांच्या रिळांनाही हाच रोग होतो. टोक्योतला जून-जुलै आणि आपला कोकण या बाबतीत सख्खे भाऊ.

उपाय एकच: जुनी फिल्म सोलायची, नवी लावायची. काच शाबूत असेल तर चित्र परत येतं.

स्क्रीनवरचं प्लास्टिकचं झाकण हेअर ड्रायरनं कोमट करून उचललं. मग फिल्मच्या कोपऱ्यात ब्लेडचं टोक घातलं. ब्लेड काचेला जवळजवळ समांतर ठेवायचं, टोचायचं नाही. कोपरा सुटला की बोटांनी धरून, तिरकं, अगदी हळू ओढायचं. सडलेली फिल्म एकसंध निघत नाही, नखाएवढे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यासोबत वासाचा नवा झोत. खिडकी उघडी ठेवून दोन तास चाललं. काच तडकली नाही. उत्साहात जे काही निघालं ते सगळं काढलं. या 'सगळं'बद्दल पुढे लिहितो.

१८ मे, रविवार

पूर्ण दिवस डिंकात गेला. फिल्म निघाली तरी तिचा गोंद काचेवर राहतो, आणि तो पंचवीस वर्षांचा होऊन च्युइंगगमसारखा झालेला असतो. आयपीए ओतून टिश्यू पसरून ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग जुन्या सुइका कार्डाच्या (इथल्या ट्रेनच्या कार्डाच्या) कडेनं खरवडायचं. पुन्हा ओतायचं. साडेतीन तास. कडेला आयपीए जास्त ओतू नका, काचेला जोडलेल्या पातळ केबलपर्यंत गेलं तर पंचाईत. मी कडेनं मास्किंग टेप लावला होता. या प्रकल्पात आधी विचार करून केलेली ही एकमेव गोष्ट.

२४ मे, शनिवार

फिल्म आली, १,४८० येन. हा भाग सावकाश लिहितो, कारण खरी मजा आणि खरी चूक दोन्ही इथंच आहेत.

फिल्म थेट कापायची नाही. मशीन चालू करायचं. पोलरायझर नसलेली स्क्रीन कोरी दिसते, जणू बंदच आहे. खेळ सुरू असतो, आवाज येत असतो, दिसत काहीच नाही. मग फिल्मचा अखंड तुकडा हातात धरून स्क्रीनवर आडवा आणायचा आणि हळूहळू फिरवायचा. एका कोनात काहीच नाही. थोडं फिरवलं की धुक्यातून यावं तसं चित्र उगवतं. आणखी फिरवलं की ते उलटं होतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. लेक शेजारी उभी होती. तिनं माझ्या हातातून फिल्म घेतली आणि अर्धा तास परत दिली नाही. तिच्या दृष्टीनं खेळ तोच होता.

सगळ्यात ठळक चित्र येतं तो कोन मास्किंग टेपवर खूण करून ठेवला आणि मगच कापलं. तो सरळ किंवा काटकोनातला नसतो, तिरका असतो. त्यामुळे फिल्म वाया जाते. लहान तुकडा मागवू नका.

धूळ ही दुसरी शत्रू. काच आणि फिल्म यांच्यात एक कण अडकला तरी कायमचा टिपका. यावर जुना उपाय न्हाणीघराचा: गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडायचा, वाफेनं हवेतली धूळ खाली बसते, मग आत जाऊन दार लावून फिल्म चिकटवायची. रात्री साडेनऊला मी न्हाणीघरात, बाहेर दोन जणी आंघोळीसाठी टॉवेल घेऊन रांगेत. फिल्म लागली. पहिल्या खेपेला फिल्मच्या वरचा संरक्षक पापुद्रा काढायला विसरलो आणि चित्र धूसर का, म्हणून घाबरलो, तेवढंच.

आता चूक. चित्र आलं, पण करडं नाही. जमीन पिवळसर, आणि जे काळं असायला हवं ते गडद निळं.

या स्क्रीनला एफएसटीएन म्हणतात. साध्या एसटीएन (एलसीडीचा एक जुना प्रकार) काचेतून प्रकाश गेला की रंगाची झाक येते, पिवळट नाहीतर निळसर. ती मारायला वर आणखी एक पातळ फिल्म लावतात. त्या नावातला 'एफ' तिचाच. माझ्या मशीनमध्ये ती पोलरायझरला चिकटलेली होती आणि गेल्या शनिवारी उत्साहात मी 'सगळं' काढलं त्यात तीही गेली. नवी फिल्म साधी होती. म्हणून ही काविळ.

परत सगळं उपसून योग्य फिल्म शोधायची की नाही, यावर बराच विचार केला. नाही केलं. वाचायला, खेळायला काही अडत नाही. पण तुम्ही करणार असाल तर मागवतानाच ही भरपाईची फिल्म सोबत असलेला पोलरायझर घ्या.

सेल नवा घातला. बॅटरीच्या झाकणावर मास्किंग टेप लावलाय, दर तासाला एक रेघ ओढणार.

३१ मे, शनिवार

बॅकलाइटवाली नवी स्क्रीन बसवायचे किट मिळतात. ऑफिसातल्या दोघांनी विचारलं, "तेच का नाही केलंस?" किंमत हे एक कारण. दुसरं कारण हे मशीन ज्यानं रचलं त्याचं.

गुनपेई योकोई १९६५ मध्ये निन्टेंडोत लागले तेव्हा ती कंपनी पत्ते बनवायची आणि त्यांचं काम होतं पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल. तिथून गेम अँड वॉच, फुलीच्या आकाराचं दिशाबटण, १९८९ चा गेम बॉय. १९९६ मध्ये निन्टेंडो सोडून त्यांनी कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाईसाठी वंडरस्वॉनच्या रचनेवर काम केलं. ४ ऑक्टोबर १९९७ ला रस्ता अपघातात ते गेले. मशीन बाजारात आलं ते त्यानंतर दीड वर्षानं, ४,८०० येनला.

त्यांचं एक तत्त्व जपानीत म्हणीसारखं झालंय. शब्दशः मराठी करायला गेलं तर 'वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार' असं काहीतरी होतं. मला 'मुरलेलं तंत्र' बरं वाटतं. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना माहीत झाल्यात, ते घ्यायचं आणि त्याला भलत्याच कामाला लावायचं. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागायचे. याला एक. बॅकलाइट नाही, कारण बॅकलाइट सेल खातो. मग मी त्यात बॅकलाइट बसवून यूएसबी चार्जिंगचं भोक पाडायचं म्हणजे मोदकात चॉकलेट भरण्यासारखं आहे. लोक भरतात. आमच्याकडे नाही.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. दिव्याखाली, तेही विशिष्ट कोनात बसल्याशिवाय दिसत नाही. सोफ्यावरची माझी जागा बदललीय.

१४ जून, शनिवार

टेपवर १६ रेघा. त्यातल्या बहुतेक गुनपेईच्या. होय, खेळाचं नाव त्यांच्याच नावावरून आहे, मशीनसोबतच बाजारात आला.

मशीन उभं धरायचं. इथंच या यंत्राची खुबी आहे: डाव्या टोकाला चार-चार बटणांचे दोन संच आहेत, एक वर एक खाली. आडवं धरलं तर खालचा संच दिशेसाठी, उजवीकडे ए आणि बी. उभं धरलं की दोन्ही संच खाली येतात, एक डाव्या अंगठ्याखाली, एक उजव्या. पहिले दोन दिवस अंगठे भांबावतात. मी खेळ थांबवायला जायचो आणि भलतंच काहीतरी व्हायचं.

पाच उभे रकाने. प्रत्येक चौकटीत एक तिरकी रेघ, किंवा टोपीसारखी, किंवा वाटीसारखी. चौकटी खालून वर सरकत राहतात. आपण फक्त एकाच रकान्यात वरची चौकट खाली, खालची वर अशी अदलाबदल करू शकतो. आडवं काही हलवता येत नाही. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत अखंड रेघ जुळली की ती जाते. वरच्या टोकाला चौकट टेकली की खेळ संपला.

वाचायला सोपं. माझी पहिल्या आठवड्यातली चूक: मी टेट्रिससारखं खालून भरायला जायचो. इथं तळ नाही, कड आहे. विचार डावीकडून उजवीकडे करावा लागतो, हात मात्र वरखाली चालतो. हे डोक्यात बसायला माझे नऊ दिवस गेले. लेकीला वीस मिनिटं लागली. तिनं सांगितलेली युक्ती: मधल्या रकान्याकडे बघायचंच नाही, दोन्ही कडा आधी जुळवायच्या. रांगोळी काढताना ती आजीकडून हेच शिकलीय म्हणे, आधी कडेचे ठिपके.

अजून एक बारकावा. रेघ जुळली की ती लगेच जात नाही, क्षणभर लुकलुकते. तेवढ्यात तिला फांद्या जोडल्या तर त्याही जातात आणि गुण वाढतात. त्या क्षणभरासाठी लोक हा खेळ वर्षानुवर्षं खेळत असणार. लोंबत्या पांडाच्या चित्रांची, 'तारेपांडा'वाली, याचीच एक आवृत्ती १९९९ मध्येच निघाली होती. त्या काळात इथं तो पांडा पेन्सिलीपासून उशीपर्यंत सगळीकडे होता. शोधतोय.

ट्रेनमध्ये खेळायचं तर आवाज बंद हवा. त्याला वेगळं बटण आहे, दाबत गेलं की पातळी बदलत बदलत गप्प. हेडफोनचं भोक मशीनला नाही, वेगळा जोड घ्यावा लागतो. तोझाई लाइनमध्ये मी एकदा आवाज बंद करायला विसरलो. कुणी काही बोललं नाही. इथं कुणी बोलत नाही, हीच शिक्षा.

२१ जून, शनिवार

९८० येन पाण्यात. 'फायनल फॅन्टसी'चं कार्ट्रिज मिळालं, आनंदानं घेतलं, चाललं नाही. सडलेलं म्हणावं तर कार्ट्रिज चकाचक.

डब्यावर काही अक्षरं लिहिलेली होती आणि मी त्यातलं फक्त 'कारा' म्हणजे कलर वाचलं. पुढची दोन कांजी (चिनी लिपीतली अक्षरं) मला कळली असती तर पैसे वाचले असते. लक्षात ठेवा: 'कारा ताइओ' लिहिलं असेल तर खेळ रंगीत मशीनवर रंगीत दिसतो आणि जुन्यावरही चालतो. 'कारा सेन्यो' म्हणजे फक्त रंगीत मशीनवर. 'सेन्यो' हा शब्द मी रोज ट्रेनच्या डब्यावर वाचतो, 'फक्त महिलांसाठी'च्या पाटीत तोच असतो. तिथं बरोब्बर कळतो, चुकून चढलो तर काय होईल ते माहीत असतं म्हणून.

वंडरस्वॉन कलर डिसेंबर २००० मध्ये आला, ६,८०० येनला. त्या वेळी हा खेळ बनवणाऱ्या स्क्वेअरचं निन्टेंडोशी फाटलेलं होतं, त्यामुळे हातातल्या मशीनवर फायनल फॅन्टसीची नवी रूपं हवीत तर बांदाईचं मशीन घेण्यावाचून पर्याय नव्हता. काही महिने तरी बांदाईला वाटलं असेल की जमलं. मार्च २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स आला.

३० जून, सोमवार

ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला सेन्योचा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. शुक्रवारी येताना कागदी पिशवीतून स्वॉनक्रिस्टल घेऊन आले, २००२ चं शेवटचं मॉडेल. "शनिवार-रविवार ठेवा. पण उघडू नका हां," एवढंच म्हणाले. माझी ख्याती तोवर मजल्यावर पोचली होती.

टीएफटी पडदा आहे, हलणारी चित्रं मागे सावली सोडत नाहीत. माझ्या काविळीनंतर हे म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन. कार्ट्रिज लावलं, चाललं. सेव्ह मात्र टिकत नाही. या कार्ट्रिजमध्ये जतन करायला आत नाण्यासारखा सेल असतो, तो संपलेला. तो बदलायला सोल्डरिंग लागतं. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणून एका बैठकीत जमेल तेवढं खेळलो. राजकन्येला सोडवलं, राजानं पूल बांधून दिला, पूल ओलांडल्यावर मग शीर्षक येतं. दीड तास खेळून झाल्यावर खेळ म्हणतो, आता सुरुवात. मग मशीन बंद केलं आणि तो दीड तास वाऱ्यावर गेला.

परत देताना विचारलं, तुमच्या वर्गात कितीजणांकडे होतं? म्हणाले, दोघांकडे. "म्हणून तर आमची मैत्री झाली."

१२ जुलै, शनिवार

हे विषयांतर आहे, पण डिप्लोमा केलेल्यांसाठी.

या मशीनचा प्रोसेसर एनईसीचा व्ही३०एमझेड, ३.०७२ मेगाहर्ट्झ. तो ८०८६ ची भाषा बोलतो! तोच ८०८६, ज्याच्या ट्रेनर किटवर आम्ही दोन संख्यांची बेरीज करायला अख्खं प्रॅक्टिकल घालवायचो आणि ज्याचा उपयोग पुढे कधीच होणार नाही असं सगळ्यांचं एकमत होतं. मला ते २३ वर्षांनी उपयोगी पडलं. सरांना कळवायला हवं.

बांदाईच्या मशीनला आणखी एक वेगळेपण होतं. २००० मध्ये क्यूट नावाच्या कंपनीनं 'वंडरविच' नावाचं किट काढलं. त्यावर घरबसल्या सी भाषेत खेळ लिहून केबलनं कार्ट्रिजमध्ये भरता यायचा. त्या काळात गेमिंग मशीनच्या कंपन्या असलं काही सामान्य माणसाच्या हातात सहसा देत नसत. मग स्पर्धा भरवल्या. २००१ च्या स्पर्धेत 'जजमेंट सिल्व्हरस्वोर्ड' नावाचा विमानांच्या गोळीबाराचा खेळ जिंकला, आणि २००४ मध्ये तो रीतसर कार्ट्रिजवर निघाला, मशीनचा बाजार उठल्यावर. आज त्याची किंमत ऐकली की माझा प्रकल्प फार काटकसरीचा वाटतो.

मी वंडरविच घेतलेलं नाही. 'वंडरफुल' नावाचं मोफत साधन आहे, त्यात सी किंवा असेंब्लीत लिहून एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवता येतं. ठरवलं, पडद्यावर मराठीत 'हंस' लिहायचं.

पडदा २२४ बाय १४४ ठिपक्यांचा. चित्रं आठ बाय आठच्या फरश्यांनी बनतात, म्हणजे आडव्या २८, उभ्या १८. इंग्रजी अक्षर एका फरशीत मावतं. 'ह'नं एका फरशीत मावायला साफ नकार दिला. खालची शेपटी कापली तर तो 'ड' दिसतो, अनुस्वार वर द्यावा तर शिरोरेघेला चिकटतो. शेवटी एका अक्षराला चार फरश्या दिल्या आणि अनुस्वारासाठी वरच्या दोन ओळी राखून ठेवल्या. दोन रात्री गेल्या. दुसऱ्या रात्रीचे तीन तास सेगमेंटमध्ये चुकीचा आकडा टाकल्यामुळे गेले, जी चूक मी २००२ मध्येही करायचो. पण रात्री एकला पडद्यावर 'हंस' उमटला, शिरोरेघ अखंड.

२१ जुलै, सोमवार (सुट्टी)

३४ रेघांवर सेलनं मान टाकली. शंभर येनच्या दुकानातला, एका पाकिटात चार, ११० येन.

त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा, संपला. मशीन आता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या सेनबेईच्या (तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या) पाकिटांतून जमवल्या. दमट झालेल्या पुड्या मायक्रोवेव्हमध्ये वाळवू नका. एक फुटली.

हिशेब: मशीन ८८०, गुनपेई ३३०, ड्रायव्हर ७७०, आयपीए ६४०, फिल्म १,४८०, न चाललेला फायनल फॅन्टसी ९८०, सेल ११०. एकूण ५,१९० येन. १९९९ मध्ये कोरं करकरीत मशीन ४,८०० ला होतं. वेळ, दुरुस्तीपुरता, एकोणीस तास. यात टॉवेल घेऊन रांगेत थांबलेल्यांचा वेळ धरलेला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

गणपतीला घरी जाताना मशीन चिपळूणला न्यायचं ठरलंय. भाचेमंडळींसाठी, असं मी म्हणतोय.

आवरताना एक गोष्ट सापडली जी मी पहिल्या दिवशीच बघायला हवी होती. स्टार्ट दाबून धरून मशीन चालू केलं की मालकाची माहिती भरायचं पान येतं. नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, आणि रक्तगट. रक्तगट कशाला, असं आपल्याला वाटेल. इथं रक्तगटावरून स्वभाव सांगतात, आपल्याकडे राशीवरून सांगतात तसा. काही खेळ ही माहिती वाचून भविष्यही सांगायचे.

पान रिकामं नव्हतं. ही माहिती जपायला सेल लागत नाही, त्यामुळे सेल गळून स्प्रिंग सडली, स्क्रीन आंबली, तरी ती तशीच राहिली. पाच अक्षरी नाव, पुढे बदामाचं चिन्ह. जन्म १९९० चा, ऑक्टोबरातला. रक्तगट बी. नाव इथं लिहीत नाही. म्हणजे मशीन नवं असताना आठ वर्षांचं पोर, आज पस्तिशीला आलेलं कुणीतरी.

लेकीला तिचं नाव घालायचं होतं. मी म्हटलं, पुसायचं नाही. ती म्हणाली, "बाबा, मग आपलं मशीन कसं?" यावर तासभर वाद. नावाला सोळा जागा आहेत आणि अक्षरांशिवाय मोजकीच चिन्हं: बदाम, सूर, अधिक, उणे, प्रश्नचिन्ह, टिंब. तिनंच मोजलं. पाच अक्षरं, बदाम, मग अधिकचं चिन्ह, मग तिचं नाव. सगळं मावतं, वर तीन जागा उरतात.

तसंच केलं. जन्मतारीख जुनीच ठेवली. रक्तगट कुणाचा ठेवायचा यावर अजून एकमत नाही. ती ओ आहे.